घर माझ्या नावावर, गुन्हा घरच्याचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो. काही वर्षांपूर्वी पेरणीच्या दिवसांत एक कास्तकार माझ्याकडे आले. पिशवीत सातबारा, ग्रामपंचायतीचा नमुना आठ आणि घरपट्टीच्या पावत्या. आदल्या संध्याकाळी त्यांच्या मुलाने धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, भांडणात शेजाऱ्याचं डोकं फोडलं होतं. त्यांनी पहिलंच विचारलं, "वकीलसाहेब, घर आजच्या आज लेकीच्या नावावर करता येते का? पोरानं केलं, मी कायले भोगू?" त्या गुन्ह्याशी घराच्या कागदांचा काडीचा संबंध नव्हता. पण रात्री पोराची रक्ताने भरलेली बंडी त्यांनी चुलीत घातली होती. हे त्यांनी मला उठता उठता, सहज सांगावं तसं सांगितलं.

त्यांना अडकवणारी गोष्ट ती बंडी होती. खाली दिलेले प्रश्न गावच्या शिबिरांत आणि कोर्टाच्या व्हरांड्यात लोकांनी मला विचारलेले आहेत. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि कलमांचे नंबर बदलले. जुना नंबर लोकांच्या तोंडी आहे तिथे तोही दिला आहे. त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्याला जुनंच कलम लागतं.

घर माझ्या नावावर आहे. घरातल्या माणसाने गुन्हा केला तर मी आपोआप आरोपी होतो का?

नाही. फौजदारी कायद्यात ज्याने केलं त्याने भोगायचं. नमुना आठवर नाव असणं, कुटुंबप्रमुख असणं, बाप असणं, यातलं काहीही गुन्हा नाही. तुमच्यावर गुन्हा लागायचा तर तुम्ही काय केलंत किंवा काय जाणूनबुजून होऊ दिलंत, हे सरकारी पक्षाला दाखवावं लागतं. याला काही अपवाद आहेत आणि ते गावच्या जगण्याशी फार जवळचे आहेत. पुढे ते येतीलच.

मग भांडण पोराने केलं आणि फिर्यादीत बाप, आई, काका सगळ्यांची नावं कशी येतात?

तीन वाटांनी. पहिली, सामाईक इरादा: न्याय संहितेचं कलम ३(५), जुनं ३४. मुलाने उभारी हाणली, बापाने समोरच्याचे हात धरले, तर दोघांनीही मारल्यासारखंच. दुसरी, पाच किंवा जास्त जणांचा बेकायदेशीर जमाव: कलम १९०, जुनं १४९. धुऱ्यावरच्या भांडणात घरचे सगळे धावतात, म्हणून हे कलम आपल्याकडे फार दिसतं. तिसरी, चिथावणी आणि मदत: कलम ४५ पासून पुढे. "सोडू नको त्याले, आण कुऱ्हाड" एवढं बोलणंही पुरेसं होऊ शकतं.

नुसतं तिथे उभं असणं म्हणजे सामील असणं नव्हे. ओसरीवर बसलेल्या, "अरे थांबा रे" म्हणत सोडवायला गेलेल्या म्हाताऱ्याचं नावही रागाच्या भरात फिर्यादीत टाकलं जातं, हे मी कितीदा पाहिलं आहे. अशा वेळी सोडवताना कोणी पाहिलं, कोणाचा फोन आला होता, तुम्हाला स्वतःला मार लागला का, हे लगेच लिहून ठेवा. मार लागला असेल तर ग्रामीण रुग्णालयात जाऊन तपासणी करून घ्या. आठ दिवसांनी हे सगळं धूसर होतं.

पोराने चोरीची मोटर कोठ्यात आणून ठेवली. मला पत्ताच नव्हता. मी अडकतो का?

वस्तू तुमच्या घरात सापडली एवढ्यावर गुन्हा सिद्ध होत नाही. ताबा जाणीवपूर्वक हवा: वस्तू तिथे आहे हे माहीत हवं आणि ती तुमच्या हुकमतीत हवी. चोरीच्या मालाच्या कलमात (३१७, जुनं ४११) तर "चोरीचा आहे हे माहीत होतं, किंवा तसं वाटायला पुरेसं कारण होतं" असं दाखवावं लागतं.

त्यातल्या "पुरेसं कारण" या शब्दांकडे मात्र नीट पाहा. मजुरीला न जाणारा पोरगा तीन महिन्यांत चार पाण्याच्या मोटरी आणतो, पावती एकाचीही नाही, आणि तुम्ही त्यातली एक आपल्या विहिरीवर बसवता. मग "मला काय माहीत" कोर्टात चालत नाही. उलट, त्याची खोली वेगळी, कुलूप त्याचं, किल्ली त्याच्या कंबरेला, तुमचं त्या बाजूला जाणंच नाही, तर ते सांगता आलं पाहिजे आणि शेजाऱ्यांनाही ते ठाऊक असलं पाहिजे. देशी कट्टा सापडला तर तिथेही हाच जाणीवपूर्वक ताब्याचा मुद्दा येतो.

गुन्हा कळला आणि मी गप्प बसलो. नुसतं गप्प बसणं गुन्हा आहे का?

शहरातल्या माणसापेक्षा खेड्यातल्या माणसावर कायद्याने इथे जास्त भार टाकला आहे, आणि हे बहुतेकांना माहीत नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३३ देशातल्या प्रत्येकाला लागू आहे: खून, दरोडा, खंडणीसाठी अपहरण असे ठरावीक गंभीर गुन्हे कळले तर कळवायचे, न कळवायला सबळ कारण असेल तर ते आपण दाखवायचं. पण कलम ३४ पोलीस पाटलासारख्या गावच्या अधिकाऱ्याला आणि गावात राहणाऱ्या प्रत्येक व्यक्तीला उद्देशून आहे. गावात किंवा गावाजवळ घडलेला अजामीनपात्र गुन्हा आणि अचानक, अनैसर्गिक किंवा संशयास्पद मृत्यू, यांची आपल्याला असलेली माहिती ताबडतोब जवळच्या ठाण्यात किंवा दंडाधिकाऱ्याला द्यायची. कळवणं बंधनकारक असताना जाणूनबुजून लपवलं तर न्याय संहितेचं कलम २३९, सहा महिन्यांपर्यंत शिक्षा.

अनैसर्गिक मृत्यूबद्दल कळकळीने सांगतो. घरात कोणी फवारणीचं औषध प्यायलं, फास घेतला, की "बदनामी नको" म्हणून पहाटेच सरण रचलं जातं. दुःख खरं असतं, हेतू वाईट नसतो. पण शवविच्छेदनाशिवाय अंत्यसंस्कार झाला की तोच संशयाचा सर्वांत मोठा पुरावा बनतो आणि निर्दोष घर वर्षानुवर्षं कोर्टात येरझाऱ्या घालतं. शिवाय कर्जबाजारी कास्तकाराच्या आत्महत्येत सरकारी मदतीचा दावाही कागदांअभावी अडतो. आधी पोलीस पाटील, मग ठाणं, मग स्मशान.

गुन्हा करून मुलगा रात्री घरी आला. त्याला जेवू घातलं, झोपू दिलं. आईबापाने एवढंही करू नये का?

हा प्रश्न ऐकताना माझाही घसा दाटतो. पण कायद्याचं उत्तर कठोर आहे. कलम २४९, जुनं २१२: गुन्हेगार आहे हे माहीत असताना, त्याला शिक्षेतून वाचवण्याच्या हेतूने आसरा देणं गुन्हा आहे. आसऱ्याच्या व्याख्येत निवारा, अन्न, पाणी, पैसा, कपडे, वाहन सगळं येतं. मूळ गुन्हा फाशीच्या शिक्षेचा असेल तर आसरा देणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

सूट एकाच नात्याला आहे: नवरा किंवा बायको. आई, बाप, भाऊ, बहीण, सासरा यांना नाही. मला हे कायद्याचं अपुरेपण वाटतं. आईला ही सूट का नसावी, याचं पटेल असं उत्तर मला कुठेच मिळालेलं नाही. पण आज कायदा असा आहे आणि त्याप्रमाणेच वागावं लागेल.

हेतू मात्र महत्त्वाचा आहे. भुकेल्या पोरापुढे भाकर ठेवली आणि सकाळी त्याला सोबत घेऊन ठाण्यात गेलात, तर त्यात वाचवण्याचा हेतू दिसत नाही. त्याच रात्री त्याला मोटारसायकलवर बसवून बडनेरा स्टेशनवर सोडलंत, हातात पाच हजार दिले आणि पोलिसांना "दोन दिवसांपासून आलाच नाही" म्हणालात, तर दिसतो. हजर करणं हे आईबापाला त्याच्यासाठी करता येण्यासारखं फार मोठं काम आहे. जामिनाच्या वेळी "तो स्वतः हजर झाला" या एका वाक्याला वजन असतं.

बायकोने नवऱ्याचे कपडे धुतले, कुऱ्हाड धुऊन ठेवली. तिला तर सूट आहे ना?

आसऱ्याची सूट आहे, पुरावा नष्ट करण्याची नाही. कलम २३८, जुनं २०१, बायकोलाही लागतं. मूळ गुन्हा खुनाचा असेल तर सात वर्षांपर्यंत. मी वर ज्यांचं सांगितलं त्यांनी बंडी जाळली ती याच कलमात बसते. म्हणून भांडणाच्या रात्री घरातल्या बायामाणसांनी काही धुऊ नये, सारवू नये, जाळू नये, मोबाईलमधलं काही पुसू नये. अंगणातला सडासुद्धा सकाळी टाकू नका.

सुनेचा घरात संशयास्पद मृत्यू झाला. सासू-सासरे वेगळ्या खोलीत राहतात. त्यांच्यावर जबाबदारी येते का?

इथे घरात असणं याला खरंच अर्थ येतो. चार भिंतींच्या आत घडलेल्या गोष्टीला बाहेरचा साक्षीदार नसतो. म्हणून साक्ष अधिनियमाचं कलम १०९, जुनं १०६, सांगतं की जी गोष्ट खास तुमच्याच माहितीतली आहे, तिचा खुलासा तुम्ही द्यायचा. २००६ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खेड्याच्या खटल्यात, साप चावला असं सांगितलं गेलं आणि शवविच्छेदनात गळा आवळल्याचं निघालं. सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा स्पष्ट केलं की घरात असलेल्यांनी खुलासा दिला नाही किंवा खोटा दिला, तर तो परिस्थितीच्या साखळीतला आणखी एक दुवा होतो. सरकार पक्षाची सुरुवातीची जबाबदारी यातून सुटत नाही. पण "आम्ही झोपलो होतो" एवढ्यावर भागेल असंही नाही.

लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत विवाहितेचा अनैसर्गिक मृत्यू झाला आणि त्याच्या थोडं आधी हुंड्यासाठी छळ झाल्याचं दिसलं, तर कलम ८० प्रमाणे नवरा आणि सासरच्या नातेवाइकांविरुद्ध गृहीतक उभं राहतं. कमीत कमी सात वर्षं. छळाचं कलम ८५, जुनं ४९८-अ, हेही नवरा आणि त्याच्या नातेवाइकांसाठीच आहे. घर कोणाच्या नावावर आहे हे यात कोणी विचारत नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नागपूरला राहणारी नणंद, पुण्याला नोकरी करणारा दीर, सगळ्यांची नावं एका दमात घातली जातात. प्रत्येकाने नेमकं काय केलं हे न सांगता केलेले मोघम आरोप पुरेसे नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये पुन्हा सांगितलं आहे. आणि ज्यांच्या घरात सुनेला खरोखर मारहाण होते आहे, त्या सासू-सासऱ्यांनी दार लावून घेऊ नका. अडवा, ११२ ला फोन करा, तिला दवाखान्यात न्या. ही तिचीही मदत आहे आणि पुढे तुम्ही कुठे उभे होतात याचा पुरावाही.

घरातल्याच माणसाने लहान मुलीवर हात टाकला. घरातल्या घरात मिटवलं तर?

तर मिटवणाराही गुन्हेगार. २०१२ च्या पोक्सो कायद्याचं कलम १९ सांगतं की अठरा वर्षांखालच्या मुला-मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवायचंच. न कळवल्यास कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. आजी, काका, नवरा-बायको, कोणालाच सूट नाही. १०९८ हा मुलांसाठीचा फोन दिवसरात्र चालू असतो. ज्या पोरीने धीर करून आईला सांगितलं, तिला "कोणाले सांगू नको" म्हणणं हा तिच्यावर झालेला दुसरा अत्याचार आहे, असं मी मानतो.

सोळा वर्षांच्या मुलीचं लग्न आमच्या अंगणात लावलं. मांडव माझा, मुलगी भावाची. मी कसा जबाबदार?

२००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने लग्न लावणारा, घडवून आणणारा, त्याला मदत करणारा सगळे येतात: दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. पालकांनी निष्काळजीपणाने ते होऊ दिलं तरी पुरेसं आहे, आणि तसं गृहीतच धरलं जातं. बायकांना या कायद्यात कैदेची शिक्षा नाही, दंड आहे. आपल्याकडे ग्रामसेवकच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. मांडव पडायच्या आधी त्याला कळवता येतं.

घरामागे मोहाची दारू गाळली जाते, छपरीत पत्ते चालतात. करणारा पोरगा, घर आईच्या नावावर.

हाच तो अपवाद, जिथे "घर कोणाचं" हा प्रश्न थेट येतो. दारूबंदी कायदा १९४९ चा, जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा. दोन्हींत जागेचा मालक किंवा ताबेदार जाणूनबुजून जागा वापरू देत असेल तर त्याच्यावर वेगळा गुन्हा लागतो. परवाना नसताना दारू गाळणं सगळीकडेच गुन्हा आहे. वर्धा आणि गडचिरोली हे तर दारूबंदीचे जिल्हेच. चंद्रपुरात २०१५ ला आलेली बंदी २०२१ ला उठली.

धाड पडते तेव्हा पोरं कुंपणावरून उड्या टाकून पळतात आणि सापडते ती चुलीजवळ बसलेली म्हातारी. तिच्यासमोर पंचनामा होतो, तिच्या नावाने केस होते. ज्या आया हे वाचतील किंवा कोणाकडून ऐकतील, त्यांनी एकदा तरी पोलीस पाटलाकडे किंवा ठाण्यात लेखी अर्ज द्यावा: माझा मुलगा ऐकत नाही, माझ्या घरात हे माझ्या मर्जीविरुद्ध चालतं. अर्जाची पोच घ्या आणि ती डब्यात जपून ठेवा.

तुरीच्या ओळीत पोराने गांजा लावला. सातबारा माझा.

घाबरण्यासारखी गोष्ट आहे, कारण १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याइतका कडक कायदा गावात दुसरा क्वचितच लागतो. झाड लावण्यालाच दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी. कलम २५ प्रमाणे घर, खोली किंवा जागा जाणूनबुजून वापरू देणाऱ्याला मूळ गुन्ह्याचीच शिक्षा. कलम ४६ तर खास जमीनधारकासाठी आहे: आपल्या वावरात असं पीक दिसलं की लगेच कळवायचं. कलम ४७ ने सरपंच आणि पंचांवरही तेच बंधन आहे. जाणिवेबद्दलचं गृहीतकही या कायद्यात आरोपीच्या विरुद्ध धरलं जातं.

बचाव एवढाच की सातबारा मालकी दाखवतो, झाड कोणी लावलं ते दाखवत नाही. वावर बटईने दिलं असेल तर ते कागदावर असू द्या. पीकपेरा तुमच्याच नावाने लागतो आणि वावर दुसराच वाहतो, हे आपल्याकडे घरोघरी आहे. अशा केसमध्ये ते तुमच्याच अंगावर येतं.

रानडुकरांसाठी मुलाने कुंपणात करंट सोडला. माणूस मेला.

दरवर्षी हंगामात असं कुठे ना कुठे घडतं, आणि मरणारा बहुतेक वेळा जागलीला निघालेला शेजारीच असतो. तार लावणाऱ्यावर निष्काळजीपणाने मृत्यूचं कलम १०६ लागतं, पाच वर्षांपर्यंत. पण "यात माणूस मरू शकतो हे माहीत होतं" असं दिसलं तर कलम १०५, सदोष मनुष्यवध. वाघ किंवा बिबट मेला तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तीन ते सात वर्षं. वीज चोरून घेतली असेल तर तो गुन्हा वेगळा.

बापाचं काय? तार पोराने रोज संध्याकाळी जोडली, सकाळी काढली, कनेक्शन तुमच्या पंपाचं, आणि तुम्ही त्याच वावरात जेवायला बसत होतात. "माहीत नव्हतं" यावर कोणाचा विश्वास बसेल? ज्याला माहीत आहे त्याने ती तार त्याच दिवशी तोडावी. डुकरांनी पऱ्हाटी-सोयाबीन लोळवल्याचं दुःख मी जाणतो. सौर बॅटरीवरचं झटका मशीन जीव घेत नाही, आणि नुकसानीचा अर्ज वन विभागाकडे करता येतो.

अल्पवयीन मुलाने गाडी नेली, अपघात केला.

पूर्ण कायद्यात बापाला किंवा गाडीच्या मालकाला इतकं सरळ दोषी धरणारी तरतूद दुसरी क्वचितच आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १९९-अ, २०१९ पासून: तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही. गाडी तुमच्या संमतीने नेली असं कोर्ट धरून चालतं. माहिती नव्हती किंवा पुरेशी काळजी घेतली होती, हे तुम्ही दाखवायचं. किल्ली खुंटीला टांगलेली असेल तर ते दाखवणं अवघड आहे.

रेतीच्या केसमध्ये ट्रॅक्टर पकडला. चालवत होता पुतण्या, ट्रॅक्टर माझा.

महसूल कायद्याने ट्रॅक्टर जप्त होतो आणि रेतीच्या बाजारभावाच्या पाच पटीपर्यंत दंड बसतो. ट्रॅक्टर सोडवायला तहसीलच्या चकरा मालकालाच माराव्या लागतात. चोरीचा गुन्हा मात्र ज्याने नेली आणि ज्याने पाठवली त्याच्यावर.

घराला आकडा टाकलेला आहे, मीटर वडिलांच्या नावावर.

२००३ च्या वीज कायद्याचं कलम १३५. ग्राहकाने बेकायदा साधनाने वीज वापरल्याचं सिद्ध झालं की ती अप्रामाणिकपणे घेतली असं त्याच्याविरुद्ध गृहीत धरलं जातं. वडील वारले असतील तर मीटर आधी नावावर करून घ्या.

साळ्याने चोर बीटीच्या, म्हणजे सरकारी मान्यता नसलेल्या कपाशीच्या, बियाण्याच्या थैल्या माझ्या घरी ठेवल्या.

मान्यता नसलेलं बियाणं साठवणं आणि विकणं गुन्हा आहे, आणि कृषी विभागाचं पथक येतं तेव्हा दार तुमचं असतं. "पाहुण्याचा माल" हे उत्तर पंचनाम्यात टिकत नाही. थैल्या ठेवून घेण्याआधीच नाही म्हणा.

मुलगा सापडत नाही म्हणून पोलीस मला किंवा त्याच्या बायकोला बसवून ठेवतात. हे कायदेशीर आहे का?

नाही. एकाच्या बदल्यात दुसऱ्याला धरून ठेवण्याची तरतूद कुठेच नाही. साक्षीदार म्हणून विचारपूस करायची असेल तर बाईमाणूस, पंधरा वर्षांखालचा मुलगा, साठीच्या वरचा पुरुष, अपंग किंवा गंभीर आजारी व्यक्ती यांना ठाण्यात बोलावता येत नाही, त्यांच्या घरीच येऊन विचारावं लागतं (नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७९). अटक केली असेल तर कारण सांगावं लागतं, घरच्यांना कळवावं लागतं आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं लागतं. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी बाईला अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत महिला अधिकारी लेखी कारण देऊन आणि दंडाधिकाऱ्याची आधी परवानगी घेऊनच करू शकते. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात साधारणपणे आधी कलम ३५(३) ची नोटीस येते. ती घ्या, दिलेल्या तारखेला जा, पळू नका.

ठाणेदारांशी आवाज चढवून बोलू नका. शांतपणे विचारा, "साहेब, अटक आहे का? असेल तर कारण लिहून द्या." पोलिसांपुढच्या जबाबावर साक्षीदाराची सही घेता येत नाही. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कोणालाही देऊ नका.

घराची झडती आली तर?

दार उघडा. अडवणं हा वेगळा गुन्हा होतो. झडतीच्या वेळी घरच्या माणसाला हजर राहण्याचा हक्क आहे, दोन पंच लागतात, जप्त केलेल्या वस्तूंची यादी तिथेच करून तिची प्रत तुम्हाला मिळाली पाहिजे. नव्या कायद्याने झडतीचं चित्रीकरणही सक्तीचं आहे. बाईची अंगझडती बाईनेच घ्यायची. वस्तू कोणाच्या खोलीतून, कोणाच्या पेटीतून निघाली हे पंचनाम्यात लिहायला लावा. पुढे सगळा बचाव त्या एका ओळीवर उभा राहतो.

मुलगा आरोपी आहे म्हणून माझं घर पाडतील का, जप्त करतील का?

१३ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कोणी आरोपी आहे, किंवा अगदी दोषी ठरला आहे, एवढ्याच कारणाने त्याचं घर पाडता येणार नाही. घर एका माणसाचं नसतं, सगळ्या कुटुंबाचं असतं. पाडायचं तर किमान पंधरा दिवसांची नोटीस आणि म्हणणं मांडायची संधी हवी. तो निकाल देणाऱ्या खंडपीठाचे न्यायमूर्ती भूषण गवई आपल्या अमरावतीचे. रस्ता, नदीपात्र अशा सार्वजनिक जागेवरच्या अतिक्रमणाला मात्र हे संरक्षण नाही.

जप्तीचं म्हणाल तर फरार घोषित झालेल्याची स्वतःची मालमत्ता जप्त होते. तुमची चुकून झाली तर सहा महिन्यांच्या आत हरकत घ्या. वडिलोपार्जित घरात त्याचा हिस्सा असेल तर तेवढ्यापुरता प्रश्न येतो. गुन्ह्याच्या पैशातूनच घर बांधलं असेल तर गोष्ट वेगळी.

पेपरात "मुलगा माझ्या ऐकण्यात नाही, त्याच्या कृत्यास मी जबाबदार नाही" अशी जाहीर नोटीस दिली की मी सुटतो?

जे तुमच्यावर मुळात नव्हतंच ते नोटिशीने काय सुटणार? आणि तुम्ही स्वतः काही केलं असेल तर ते नोटिशीने धुतलं जात नाही. उधारीवाल्यांना इशारा म्हणून आणि नातं तुटल्याचा एक पुरावा म्हणून तिचा थोडा उपयोग. नोटीस द्यायची आणि त्याच पोराला रोज मागच्या दाराने डबा द्यायचा, तर ती उलटते.

त्याला खरोखर घराबाहेर काढायचं असेल आणि तुम्ही साठीच्या पुढचे असाल, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. घर तुमच्या कमाईचं असेल तर बाजू भक्कम. वडिलोपार्जित असेल तर त्याचा हिस्सा आडवा येतो. आणि सुनेला त्याच्यासोबत सरसकट बाहेर काढता येत नाही. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी ती तिथे संसार करत असेल तर कौटुंबिक हिंसाचार कायद्याने तिचा राहण्याचा हक्क तपासावा लागतो.

मुलाचा जामीनदार मी राहिलो. यात धोका काय?

खरा पैशाचा धोका कुठे असेल तर इथे. सातबारा लावून, तहसीलचा ऐपतीचा दाखला काढून तुम्ही कोर्टाला हमी देता. तो तारखेवर आला नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९१ प्रमाणे बंधपत्राची रक्कम तुमच्याकडून वसूल होते. गुन्हा त्याचा असतो, ही रक्कम मात्र तुमच्या स्वतःच्या सहीची. तो बेभरवशाचा वाटू लागला तर कोर्टात अर्ज करून जामीनकीतून मोकळं होता येतं. तो पळून जायच्या आधी हे करायचं असतं.

तंटामुक्ती समितीत मिटलं तर पुरे ना?

धुऱ्याचं भांडण, किरकोळ मारामारी, शिवीगाळ, जरूर मिटवा. २००७ पासून या मोहिमेने कितीतरी घरांचं कोर्टात जाणं वाचवलं आहे. पण खून, बलात्कार, पोक्सो, हुंडाबळी हे समितीच्या हातात नाहीत. गुन्हा दडपण्यासाठी पैसे घेणं हा न्याय संहितेच्या कलम २५० खालचा गुन्हा आहे. बैठकीत बसलेले सगळेच त्यात येऊ शकतात.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत.

तालुका विधी सेवा समिती कोर्टाच्या आवारातच असते. बाया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग आणि कोठडीतली व्यक्ती यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. इतरांना महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असल्यास. फोन १५१००. आधार कार्ड आणि असेल तर नोटिशीची किंवा फिर्यादीची प्रत घेऊन या. आणि रात्री काय काय झालं ते लपवू नका. चुलीत काही घातलं असेल तर तेही पहिल्याच भेटीत वकिलाला सांगा.